मोटारीचें सुकाणूं आणि घाटाची कसोटी

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालेली मोटार कात्रजचा घाट ओलांडून खालीं उतरली, कीं थोड्याच वेळानें पूर्वीच्या भोर संस्थानचा मुलूख लागतो. नसरापुराच्या बाजूस वळलें, तर मार्गासनी, विंझर हीं गांवें मागें टाकीत तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्ह्यास जातां येतें. कापूरहोळावरून वळलें तर भोर शहर लागतें, आणि तेथून नीरेच्या खोऱ्यांतून पश्चिमेकडे गेलें म्हणजे वरंध्याचा घाट उतरून महाडास पोंचतां येतें. कोणीकडेच न वळतां सरळ गेलें, तर शिरवळानंतर खंबाटकीचा घाट आडवा येतो. अशा या डोंगराळ टापूंत मोटारीचें सर्वांत महत्त्वाचें अंग कोणतें, असें विचारलें असतां बहुतेक जण इंजिनाचें नांव घेतील, आणि जे थोडे अधिक सावध असतील ते ब्रेकचें घेतील. परंतु इंजिन बंद पडलें तर गाडी फार तर उभी राहते व उतारूंना उतरून धक्का मारावा लागतो. ब्रेक धरीनासा झाला, तरी गिअर खालचा टाकून किंवा गाडी डोंगराच्या अंगास घासून ती आवरण्याची थोडीबहुत आशा ड्रायव्हरास असते. ऐन वळणावर स्टिअरिंग निकामी झालें, तर मात्र त्याच्या हातीं कांहींएक उरत नाहीं. शेंदोनशें फूट खोल दरी आणि रस्ता यांच्या मध्यें जें काय असतें, तें केवळ एका लोखंडी दांड्याच्या टोकाशीं असलेलें बोराएवढें गोळीचें सांधें! म्हणून मोटारीचें हें सुकाणूं कसें उत्पन्न झालें आणि तें विश्वासास पात्र आहे कीं नाहीं याची परीक्षा लोकांनीं कशी केली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मावळांतील शेतकऱ्यास सुकाणवाची अडचण कधीं भासलीच नाहीं. त्याची बैलगाडी दोन चाकांची. बैल जिकडे वळले तिकडे जू वळतें, जुवाबरोबर धुरा वळते, आणि दोन्ही चाकें एकाच आंसावर असलीं तरी प्रत्येक आपापल्या परीनें मोकळें फिरत असल्यामुळें गाडी जागच्या जागीं देखील फिरवितां येते. चार चाकें आलीं, कीं संकट उभें राहतें. मागचीं दोन चाकें सरळ जाऊं पाहतात, पुढचीं वळूं पाहतात, आणि या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा हा प्रश्न येतो. युरोपांतील जुन्या रथगाड्यांत तो एका सोप्या, पण धोक्याच्या युक्तीनें सोडविलेला होता. पुढचा सबंध आंस मधोमध एका खिळ्यावर बसवीत, आणि घोडे वळले कीं तो आंस चाकांसकट फिरे. परंतु आंस जितका अधिक वळे तितका गाडीचा पुढील आधार अरुंद होत जाई, आणि जोराच्या वळणांत गाडी कलंडे. शिवाय एखादें चाक दगडावर आदळलें, तर त्या धक्क्यानें सबंध आंसच एका बाजूस झटका खाऊन फिरे.

यावरील तोड अशी निघाली, कीं आंस स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन्ही टोकांशीं उभे खिळे बसवून चाकें तेवढीं वळवावींत. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांतील वैद्य इरॅस्मस डार्विन यानें आपल्या घोडागाडीसाठीं ही कल्पना योजिली होती. उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विन याचा हा आजोबा. आजारी माणसांच्या भेटीसाठीं खराब रस्त्यांवरून अहोरात्र फिरणाऱ्या वैद्यास न उलटणाऱ्या गाडीची निकड भासावी, यांत नवल नाहीं. पुढें म्यूनिकच्या जॉर्ज लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाडी-कारागिरानें हीच युक्ति स्वतंत्रपणें सिद्ध केली, आणि त्याच्या वतीनें लंडनमधील रुडॉल्फ ॲकरमन यानें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें. ॲकरमन हा मुख्यत्वें चित्रें व पुस्तकें छापून विकणारा गृहस्थ. तरीहि जगभरच्या यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत ही रचना ॲकरमनच्याच नांवानें ओळखली जाते. ज्यानें हातांत हातोडा धरून ती घडविली त्या लांकेनस्पेर्गरचें नांव क्वचितच कोणाच्या कानीं येतें.

या रचनेंतील मर्म समजण्यास खळ्यावरची मळणी डोळ्यांपुढें आणावी. तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरत असतां तिवड्याजवळचा बैल लहानशा वर्तुळांत जवळजवळ जागच्या जागींच वळत असतो. कडेचा बैल मात्र मोठ्या वर्तुळांत लांब ढांगा टाकीत चालतो. दोघांचें तोंड एकाच दिशेस ठेवण्याचा हट्ट धरला, तर एक जण दुसऱ्यास ओढील. मोटारीच्या पुढच्या चाकांची गोष्ट तशीच आहे. वळणांत आंतल्या बाजूचें चाक अधिक वळलें पाहिजे आणि बाहेरच्या बाजूचें कमी. दोन्ही सारखींच वळलीं, तर त्यांतील एक चाक रस्त्यावर फरफटत जातें, टायर खरडून निघतो आणि गाडी वळणाबाहेर ओढूं लागते. ॲकरमनच्या रचनेंत चाकांच्या खिळ्यांस जोडलेले दोन आंखूड हात किंचित् आंत कललेले असतात व त्यांना एक आडवा दांडा जोडलेला असतो. त्या कलण्यामुळें चाकांच्या वळण्यांतील हा फरक आपोआप पडतो. हे हात किती कलते ठेवावे याचें भूमितीच्या आधारें विवेचन पॅरिसच्या शार्ल झांतो यानें १८७८ च्या सुमारास केलें.

त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे १८७३ सालीं, फ्रान्समधील ल मां येथें घंटा ओतण्याचा धंदा करणाऱ्या अमेदे बोले यानें बारा माणसांची वाफेची गाडी तयार केली व तीस अशींच स्वतंत्रपणें वळणारीं चाकें बसविलीं. त्या गाडीचें नांव त्यानें ‘आज्ञाधारक’ अशा अर्थाचें ठेविलें. नांव ठेवतांना वेगाचें, शक्तीचें किंवा सौंदर्याचें भूषण न मिरवितां आज्ञापालनाचें मिरवावें, यावरून चालकाचें ऐकणें हा गुण त्या काळीं किती दुर्मिळ होता हें ध्यानांत येईल. १८७५ सालीं ही गाडी त्यानें ल मांहून पॅरिसपर्यंत रस्त्यानें नेली.

जर्मनींत कार्ल बेंझ यानें १८८६ च्या जानेवारींत ज्या मोटारीचें पेटंट घेतलें, तीस तीनच चाकें होतीं. चार चाकांच्या गाडीचें पुढचें अंग समाधानकारक रीतीनें कसें वळवावें याचा उलगडा त्यास त्या वेळीं झालेला नव्हता. म्हणून त्यानें पुढें एकच चाक ठेवून प्रश्न टाळला. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था ही नवऱ्यास न कळवितां दोन मुलांसह त्या तीनचाकी गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे साठाहून अधिक मैल दूर असलेल्या आपल्या माहेरीं गेली. मोटारीची लांब पल्ल्याची पहिली खरी परीक्षा ती हीच, आणि ती कारखान्यांतील कोणा इंजिनिअरानें केली नाहीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. चार चाकांचा उलगडा बेंझला पुढें झाला, आणि आंसाच्या टोकांशीं वळणाऱ्या चाकांचें पेटंट त्यानें १८९३ सालीं घेतलें.

चाकें वळविण्याची रचना सांपडली, तरी तीं वळवावयाचीं कशानें? आरंभींच्या मोटारींना आजचें वाटोळें चक्र नव्हतें. होडीच्या सुकाणवास असते तशी एक दांडी चालकाच्या हातीं असे. ती एका बाजूस ढकलली कीं गाडी वळे. ताशीं आठ-दहा मैलांच्या वेगास ती पुरेशी होती. पण वेग वाढला तसा तिचा दोष भयंकर रूपानें पुढें आला. दांडी व चाकें यांच्या मध्यें कांहींच आडकाठी नसल्यामुळें चाकास बसलेला प्रत्येक धक्का थेट हातास बसे, आणि मोठा धक्का बसला तर दांडी हातांतून निसटून जाई. १८९६ च्या पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतींत एमिल लव्हासोर या नामांकित यंत्रज्ञाची मोटार वाटेंत कुत्रा आडवा आल्यामुळें उलटली व तो बाहेर फेंकला गेला. त्या दुखापतींतून तो पुरता सांवरला नाहीं, आणि पुढच्या वर्षीं एप्रिलांत वारला. ज्या पॅनहार्ड-लव्हासोर कंपनीचा तो आधारस्तंभ होता, तिच्याच एका गाडीस आल्फ्रेड व्हाशेराँ यानें त्यापूर्वीं दोन वर्षें, १८९४ च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेंत, दांडीऐवजीं चक्र बसवून दाखविलें होतें. सुधारणा समोर उभी असतां ती स्वीकारण्यास एका थोर माणसाचा प्राण जावा लागावा, हा यंत्रांच्या इतिहासांत वारंवार येणारा प्रकार येथेंहि दिसतो. १८९८ पासून पॅनहार्डच्या गाड्यांना चक्र सरसकट येऊं लागलें. इंग्लंडांत लँचेस्टरसारख्या चांगल्या कारखान्यानें मात्र त्यानंतरहि कांहीं वर्षें दांडीच चालू ठेवली होती.

चक्राचा लाभ केवळ पकडीचा नव्हे. चक्राच्या खालच्या दांड्यास मळसूत्राचे आटे पाडून ते एका दांतेरी चाकाच्या तुकड्यांत अडकविले, कीं हातांचें थोडें बळ पुष्कळ होतें. आणि त्याहून मोठा लाभ हा, कीं रस्त्याचे धक्के उलट दिशेनें वर येतांना त्या आट्यांतच अडून राहतात. दांडीनें पोळलेल्या त्या पिढीला हें वरदानच वाटलें. चाकानें चक्रास कधींच फिरवूं नये, चक्रानेंच चाकास फिरवावें, असें उलटें न फिरणारें स्टिअरिंग उत्तम, असा सिद्धान्तच त्या काळीं होऊन बसला होता. पुढें अनुभवानें कळून आलें, कीं धक्के पूर्ण बंद केले म्हणजे रस्त्याची वार्ताहि बंद होते. चाक चिखलावर घसरत आहे कीं खडीवर घट्ट बसलें आहे हें हातास कळत नाहीं, आणि वळण संपल्यावर चक्र आपण होऊन सरळ येत नाहीं. तें दरवेळीं ओढून आणावें लागतें. ज्या घाटांत एक वळण सरतें न सरतें तोंच दुसरें उलट दिशेचें येतें, तेथें अशा मुक्या चक्राशीं झगडून ड्रायव्हरचे दंड भरून येत. हा दोष निवारण्याची किल्ली आर्थर क्रेब्स या फ्रेंच यंत्रज्ञास १८९६ च्या सुमारासच सांपडली होती. ज्या उभ्या खिळ्याभोंवतीं चाक वळतें, तो खिळा अगदीं उभा न ठेवतां असा कलवावयाचा, कीं त्याची रेषा जमिनीस जेथें लागते तें ठिकाण चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या किंचित् पुढें यावें. मग चाक त्या रेषेच्या मागून, दाव्यामागून येणाऱ्या वासराप्रमाणें, ओढलें जातें व सरळ राहण्याकडे त्याची स्वाभाविक ओढ राहते. दांडीच्या बाबतींत घडलें तेंच पुन्हां घडलें. ही युक्ति सार्वत्रिक होण्यास बराच काळ गेला.

आतां परीक्षेकडे वळावें. इंजिनाची शक्ति कारखान्यांत मोजतां येते. ब्रेकची कांहीं अंशीं येते. स्टिअरिंगचें तसें नाहीं. उभ्या गाडीचें चक्र फिरवून पाहिलें, तर एवढेंच कळतें कीं तें फिरतें. त्याचे खरे गुणावगुण वेग, भार, उतार, खड्डे आणि वळण हीं सर्व एकत्र आल्यावांचून प्रकट होत नाहींत. म्हणून जुने परीक्षक नवी गाडी, पुष्कळदां नुसता सांगाडाच, त्यावर लांकडी बैठक ठोकून, रस्त्यावर नेत. सरळ रस्त्यावर हात क्षणभर सैल सोडून ती कोणत्या बाजूस ओढते तें पाहत. पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून टायर कोठें घासतो का तें पाहत. एकच चाक दगडावरून घालून चक्रास किती झटका येतो तें अजमावीत. आणि उतारावर ब्रेक दाबून गाडीचें नाक फिरतें कीं काय याची खात्री करून घेत. याला मोजमापाचें यंत्र नव्हतें. परीक्षकाचे दोन हात हेंच त्याचें यंत्र, आणि त्याचा अभिप्राय हीच नोंद.

एकेका परीक्षकाच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हां सार्वजनिक परीक्षा सुरू झाल्या. इंग्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबानें १९०० च्या एप्रिल-मे महिन्यांत हजार मैलांची परीक्षा घेतली. तीमध्यें चार्ल्स रोल्स यानें पॅनहार्ड मोटार हांकून सुवर्णपदक मिळविलें. त्याच रोल्सनें हेन्री रॉइस याच्याशीं भागीदारी केल्यावर १९०७ सालीं त्यांची ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटार क्लबाच्या देखरेखीखालीं लंडन ते ग्लासगो या टापूंत पुनःपुन्हां फिरवून पंधरा हजार मैल चालविण्यांत आली; त्यांपैकीं १४,३७१ मैल ती आपल्या दोषानें एकदांहि थांबली नाहीं. नंतर ती सुटी करून प्रत्येक भाग तपासला, तेव्हां पूर्ववत् नवी करण्यास लागलेल्या सामानाची किंमत अवघी दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स भरली. जे थोडे भाग झिजलेले म्हणून बदलावे लागले, त्यांत पुढच्या चाकांचे खिळे व स्टिअरिंगचे सांधे यांचा समावेश होता. इंजिन शाबूत, आणि झीज आली ती सांध्यांवर! उत्तमांतल्या उत्तम गाडीचें हें, मग इतरांची कथा काय?

हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत कलकत्ता व मुंबई येथें मोटारी आल्या. मुंबईस ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली व तिनें १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची परीक्षा योजिली. त्या वेळीं अशा प्रवासाची कल्पनाच पुष्कळांस साहसाची वाटली असेल, कारण मध्यंतरींचे रस्ते बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनीं उखळलेले होते. चाकोरी ही तर सुकाणवाची शत्रूच. चाक एकदां तींत पडलें, कीं गाडी चालकाचें ऐकत नाहीं; ती चाकोरीचें ऐकते.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीनें खरी कसोटी १९०८ सालीं झाली. त्याच संस्थेनें मुंबई-कोल्हापूर अशी परीक्षा ठेविली. एकंदर अंतर ६२० मैलांचें, आणि वाटेंत सह्याद्रीचे सहा मोठे घाट. या परीक्षेंत रोल्स-रॉइसची सहा सिलिंडरांची एक सिल्व्हर घोस्ट मोटार उतरली होती. तिला ‘पौर्वात्य मोतीं’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलेलें होतें. हें सारें अंतर तिनें यंत्राचा कांहींहि बिघाड न होतां पार पाडलें, आणि तिच्या या यशाची विलायतेंतहि जाहिरात झाली. पुढें ती ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनीं विकत घेतली. हिंदी संस्थानिकांत रोल्स-रॉइसचें जें वेड पसरलें, त्याच्या उगमाशीं ही कोल्हापुरची वाट आहे.

मुंबईहून कोल्हापुरास जाणारा राजमार्ग म्हणजे खंडाळ्याचा घाट, मग पुणें, मग कात्रज, मग भोरच्या पंत सचिवांच्या मुलखाचा कांठ, शिरवळ, खंबाटकी आणि सातारा. येथें एक घोंटाळा दूर केला पाहिजे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘भोर घाट’ असा उल्लेख वारंवार येतो व तो भोर गांवचा घाट समजून वाचक फसतात. तो खंडाळ्याचा बोरघाट होय. गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दींत १८३० सालीं त्यांतून गाडीरस्ता खुला झाला. भोर गांवचा स्वतःचा घाट म्हणजे वरंध्याचा, आणि सुकाणवाच्या परीक्षेस तो बोरघाटाहून कांहीं कमी कठीण नाहीं.

तो कठीण कां, हें नीट पाहण्यासारखें आहे. कावळ्या किल्ल्याच्या सोंडेशीं खिंड ओलांडून रस्ता कोंकणच्या बाजूस उतरूं लागला, म्हणजे एका अंगास कातळ व दुसऱ्या अंगास दरी, आणि मध्यें एकामागून एक कोंपरासारखीं वळणें. अशा वळणांत पुढचीं चाकें ज्या वाटेनें जातात, त्याच वाटेनें मागचीं जात नाहींत. मागचें चाक आंतून कापून जातें. गाडी जितकी लांब तितका हा फरक अधिक. म्हणून जाणता ड्रायव्हर वळणापूर्वीं गाडी बाहेरच्या कडेस नेतो, मागचें चाक कातळास किंवा गटारास लागणार नाहीं एवढें अंतर राखतो, आणि मगच चक्र भराभर फिरवितो. एका हाताखालून दुसरा हात घालीत चक्राचे दोन-तीन पुरे वेढे घ्यावे लागतात, व वळण सरतांच तितकेच उलट सोडावे लागतात. एवढें करूनहि गाडी एका दमांत वळली नाहीं, तर थांबवून, मागें घेऊन, पुन्हां पुढें घ्यावी लागते. आणि मागें घेतांना मागचीं चाकें व कठडा यांमधील अंतर क्लीनर खालीं उतरून ओरडून सांगत असतो. पावसाळ्यांत यावर धुकें, शेवाळ आणि दरडींचा राडा यांची भर पडते. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं अशा घाटांत श्रावणांत प्रवास केला असेल, त्यांना अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांपर्यंत मोटार पोंचविली ती मुख्यत्वें अमेरिकन गाड्यांनीं, आणि त्यांत अग्रमान फोर्डच्या ‘टी’ मॉडेलचा. १९०८ सालीं निघालेल्या या गाडीनें अमेरिकेंत चक्र डाव्या बाजूस नेलें; हिंदुस्थानांत मात्र कानडांतील फोर्ड कारखान्याच्या उजव्या बाजूस चक्र असलेल्या गाड्या येत. स्वस्त, हलकी आणि काटक अशी ही गाडी. पण तिच्या स्टिअरिंगमध्यें मळसूत्राचे आटे नव्हते. चक्राच्या गाभ्यांतच लहान दांतेरी चाकें बसविलेलीं असत व त्यांनीं मिळणारी मदत थोडीच होती. चाक खड्ड्यांत आदळलें कीं चक्र एकदम गरकन् फिरे व त्याच्या आऱ्यांत आंगठा सांपडला तर मोडे. आंगठे चक्राच्या बाहेर ठेवावे, हा त्या पिढीच्या उस्तादांचा पहिला धडा असे. यंत्राचा दोष यंत्रांत सुधारण्याऐवजीं माणसाच्या संवयींत सुधारून घेण्याचा हा एक नमुना होय.

त्यानंतर दोन सुधारणा आल्या, आणि दोहोंनींहि सुकाणवापुढें नवीं संकटें उभीं केलीं. पूर्वीं ब्रेक फक्त मागच्या चाकांस असत. १९२० नंतर ते पुढच्या चाकांसहि आले. गाडी लवकर थांबूं लागली खरी, पण एका बाजूचा ब्रेक दुसरीपेक्षां अधिक धरूं लागला तर गाडी त्या बाजूस खेंचली जाई. घाटाच्या उतारावर यापरतें भय नाहीं. त्याच सुमारास कठीण, अरुंद टायरांच्या जागीं रुंद व कमी दाबाचे फुगीर टायर आले. ते बसण्यास सुखाचे, पण विशिष्ट वेगास पोंचतांच पुढचीं दोन्ही चाकें ताप भरल्यासारखीं थरथरूं लागत व चक्र हातांत नाचूं लागे. इंग्रजींत याला ‘शिमी’ हें एका नाचाचें नांव मिळालें. चालकांच्या जिवाशीं चाललेल्या खेळाला असें चेष्टेचें नांव द्यावें, हें अमेरिकन विनोदबुद्धीसच शोभतें. या रोगाचा शोध घेतां घेतां मात्र शास्त्राची मोठी प्रगति झाली. १९२५ च्या सुमारास ब्रुलिए या फ्रेंच इंजिनिअरानें दाखवून दिलें, कीं वळणांत रबरी चाक ज्या दिशेस तोंड करून असतें नेमकें त्याच दिशेस जात नाहीं. तें थोडें बाजूस सरकत जातें. पुढें मॉरिस ऑली या रोल्स-रॉइसमध्यें काम केलेल्या इंग्रज यंत्रज्ञानें अमेरिकेंत जाऊन, मोटार एका आंखलेल्या वर्तुळांत अधिकाधिक वेगानें फिरवावयाची व ती वर्तुळाबाहेर जाते कीं आंत वळते तें मोजावयाचें, ही पद्धत रूढ केली. आतां परीक्षकाच्या हातांबरोबर फूटपट्टीहि आली. १९३४ पासून अमेरिकन गाड्यांत पुढचीं दोन चाकें एका आंसानें न जखडतां स्वतंत्रपणें लवणारीं येऊं लागलीं, आणि ती थरथर पुष्कळ कमी झाली.

चक्र फिरविण्याचे श्रम कमी करण्याची युक्तीहि फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकनानें १९२६ सालींच सिद्ध केली होती; तेलाच्या दाबानें ती चालकास साहाय्य करी. विक्रीच्या मोटारींत ती आली मात्र १९५१ सालीं, क्रायस्लर कंपनीच्या गाडींत. भोर-वेल्ह्याच्या वाटेनें जाणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या व पुढें एस्टीच्या ड्रायव्हरांनीं कित्येक दशकें तीं चक्रें निवळ मनगटाच्या जोरावर फिरविलीं.

कायदा या सर्वांच्या मागून, आपल्या चालीनें आला. १९१४ सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा मोटारींचा कायदा झाला व १९३९ सालीं त्याची जागा अधिक विस्तृत कायद्यानें घेतली; भाड्याच्या वाहनांस लायकीचें प्रमाणपत्र हवेंच, असें त्यानें ठरविलें. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्टीची पहिली गाडी धांवली. मोटारींच्या शास्त्रीय परीक्षेसाठीं पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. नव्या गाडीची परीक्षा आतां तेथें यंत्रांच्या साहाय्यानें होते.

पण नवी गाडी एकदांच नवी असते. पुढें तिला वर्षानुवर्षें त्याच घाटांतून जावयाचें असतें, आणि त्या झिजत्या वयांत तिची काळजी घेण्यासाठीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९८ वा नियम आहे. स्टिअरिंगच्या चक्रावर ३० अंशांहून अधिक मोकळा फेर असूं नये. जोडकामांतील गोळ्यांच्या सांध्यांवर रबरी टोपणें असावींत. आणि जेथें बोल्टानें किंवा पिनेनें जोड केलेला असेल, तेथें ती पिन पक्की अडकविलेली असावी, असें तो सांगतो. पहिलें कलम झिजेसाठीं. दुसरें धुळीसाठीं, कारण रबर फाटलें कीं ग्रीस सुकतें व घाटांतली माती सांध्यांत शिरून त्याला कानशीप्रमाणें खाते. आणि तिसरें त्या अल्पशा तारेच्या पिनेसाठीं, जी गळाली तर नट हलके हलके सुटत जातो व कोणास कांहीं कळत नाहीं. तीस अंश म्हणजे घड्याळांत बारापासून एकपर्यंतचें अंतर. जुनी गाडी चालविणारा ड्रायव्हर एवढ्या ढिलाईला सरावून जातो, आणि तिची वाढ रोज केसाएवढी होत असल्यामुळें ती त्याच्या हातांस जाणवत नाहीं. ती परक्या हातांस जाणवते. म्हणून जाणते फिटर ही तपासणी दोघे मिळून करतात. एक जण वर बसून चक्र थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे असें हलवीत राहतो. दुसरा गाडीखालीं आडवा होऊन प्रत्येक सांध्यावर बोट ठेवतो, आणि कोणता सांधा आधीं हलतो व चाक किती उशिरां हलतें तें पाहतो. मग पुढचा आंस जॅकवर उचलून चाकास वर व खालीं धरून हिसका देतात, आणि उभ्या खिळ्यांत खडखड ऐकूं येते का तें ऐकतात. या कामास पाव तास पुरतो, व एक बॅटरी लागते.